गोळी बीपीची, गाऱ्हाणं साखरेचं

“काय गं, या महिन्यात शाळेत वाढदिवस फार झाले वाटतं?”

रिपोर्टचा कागद हातात धरून आमचे हे असं म्हणाले, तेव्हा मी पोळ्या लाटत होते. लाटणं तसंच हातात राहिलं. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी आली होती ८.६. त्याच्या आधी होती ८.४. मधल्या काळात मी काय काय सोडलं होतं ते माझं मला माहीत! चहातली साखर गेली, भात एका वाटीवर आला, आंब्याचा अख्खा मोसम नुसता वास घेऊन काढला. वाढदिवसाचं चॉकलेट मुलांनी हातावर ठेवलं, की तसंच पर्समध्ये टाकून नातवासाठी घरी आणायचे. आणि तरी घरातल्या सगळ्यांच्या नजरेत एकच प्रश्न. ही चोरून खाते की काय?

मैत्रिणींनो, हा प्रश्न किती लागतो ते ज्यांना साखर आहे त्यांनाच कळेल. पुरुषाची साखर वाढली की ‘त्यांना टेन्शन फार आहे हो’ असं म्हणतात. बाईची वाढली की डबे तपासतात. आमच्या सासूबाईंनी दिवाळीतले लाडू मोजून ठेवले होते, हे मला फार नंतर कळलं. त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. मलाच माझा संशय यायला लागला होता. परवा हळदीकुंकवाला अर्धा पेढा खाल्ला त्यामुळे झालं असेल का, असले हिशेब मी रात्री पडल्या पडल्या करायची.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. ती रोज सकाळी मीच पाण्याबरोबर गिळत होते. माझी बीपीची गोळी.

थोडं मागे जाते. मी प्राथमिक शाळेत शिकवते, फलटणला. २०१४ साली शाळेत आरोग्य तपासणी झाली. मुलांची झाल्यावर डॉक्टर गंमतीनं म्हणाले, “बाई, तुमचंही बघू या.” बघितलं तर १६०/१००. दोन-तीनदा पुन्हा मोजून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. छोटी, पांढरी, स्वस्त. एकाच गोळीत दोन औषधं, ॲटेनोलॉल आणि क्लोरथॅलिडोन. महिनाभरात बीपी १३०/८४ वर आलं. त्या गोळीनं मला काही त्रास दिला नाही, उलट पाच-सहा वर्षं मजेत गेली. मग २०१९ मध्ये साखर निघाली. माझ्या आईला होती, मावशीला होती, त्यामुळे ‘घराण्यातच आहे’ म्हणून सगळ्यांनी मान हलवली. साखरेसाठी मी जिल्ह्याच्या गावी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ लागले.

आणि माझ्या दोन फायली झाल्या. निळी बीपीची, गुलाबी साखरेची. निळी इथल्या डॉक्टरांकडे जायची, गुलाबी तिकडच्या. दोघी एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत! साखरेच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, “बीपी आहे?” मी म्हटलं, “आहे, गोळी चालू आहे.” “कंट्रोलमध्ये आहे ना?” “हो.” संपलं. गोळीचं नाव त्यांनी विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. ह्यांच्या स्कूटरचा नंबर मला पाठ, गॅसचा ग्राहक क्रमांक पाठ, वर्गातल्या बेचाळीस मुलांच्या जन्मतारखा जवळजवळ पाठ. स्वतःच्या गोळीचं नाव काय, तर ‘छोटी पांढरी’.

तर तो ८.६ चा रिपोर्ट आला २०२२ च्या पावसाळ्यात. त्याच रविवारी आमची भिशी होती. पोहे खाता खाता विषय निघाला आणि एक मैत्रीण म्हणाली, “अगं, बीपीच्या गोळीनंच शुगर वाढते. माझ्या बहिणीला तिच्या डॉक्टरांनी सांगितलं. मोबाइलवर पण आलं होतं.”

काय सांगू तुम्हाला, मला इतकं हलकं वाटलं! आपण चोर नाही, चोर ती गोळी आहे. घरी आले आणि गोळ्यांची पट्टी मसाल्याच्या डब्यांमागे सारून दिली. कुणाला बोलले नाही. मनात म्हटलं, पंधरा दिवस गोळी बंद, मग साखर तपासू आणि रिपोर्ट ह्यांच्यासमोर ठेवू. पुराव्यानिशी.

पंधरा दिवस लागलेच नाहीत. सोमवारपासून गोळी बंद. गुरुवारी रात्री साडेअकराला जाग आली ती छातीत ढोल वाजतोय अशी. डोकं ठणकत होतं, मानेच्या मागे कुणी दगड ठेवल्यासारखं. उठून बसले तर हात थरथरत होते. मुलानं गाडी काढली. दवाखान्यात मोजलं तर १९६/११२, आणि नाडी १२० च्या वर. ड्युटीवरचा डॉक्टर पोरगेलासा होता. “मावशी, गोळ्या कुठल्या चालू आहेत?” मी गप्प. ह्यांना तर काहीच माहीत नाही. शेवटी सूनबाईला फोन लावला. तिनं बिचारीनं सगळं घर उलथं केलं तेव्हा मिरपूड आणि धणेपुडीच्या मागे पट्टी सापडली. तिनं फोनवर नाव वाचलं आणि त्या पोराचा चेहराच बदलला. “ही एकदम बंद केलीत? कधीपासून?”

ईसीजी नीट निघाला. औषध दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. मला वाटलं सुटलो. पण सकाळी मोठे डॉक्टर आले आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून असेल, रागावले नाहीत. म्हणाले, “बाई, तुमच्या मैत्रिणीनं सांगितलं ते खोटं नाही. पण अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं मी सांगतो.”

ते त्यांनी जसं सांगितलं आणि पुढे माझ्या लेकीनं जसं समजावलं (ती पुण्यात फार्मसी शिकवते), तसं मला कळलं त्या भाषेत सांगते.

आपण जेवलो की रक्तात साखर येते आणि स्वादुपिंडातून इन्शुलिन निघतं. ते स्नायूंच्या, चरबीच्या पेशींना हाक मारतं, ‘आलेली साखर आत घ्या.’ ज्या पेशी पहिल्या हाकेला ओ देतात त्यांची इन्शुलिनशी संवेदनशीलता चांगली. आपल्यासारख्यांचं काय होतं, पेशींना कमी ऐकू येऊ लागतं. आमचे मामंजी शेवटी शेवटी असे झाले होते. एका हाकेत भागायचं नाही, चार हाका माराव्या लागायच्या, तेही ओरडून. स्वादुपिंड असंच वर्षानुवर्षं ओरडत राहतं आणि एक दिवस त्याचाही घसा बसतो. मग साखर बाहेरच फिरत राहते. हा दोष आधी कुणाचा? वजनाचा, बसून राहण्याचा, घराण्याचा. गोळीचा नव्हे. पण आधीच कमी ऐकू येणाऱ्याच्या कानात एखादी गोळी थोडा कापूस घालते, इतकंच.

ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल ही जुन्या बीटा ब्लॉकर घराण्यातली औषधं. ती हृदयाचा ठोका सावकाश करतात. पण त्यांच्यामुळे स्नायूंकडे जाणारं रक्त थोडं घटतं, शरीर ऊर्जा जरा कमी जाळतं, वजन हळूच किलो-दोन किलो चढतं आणि जेवणानंतर झटकन निघणारं इन्शुलिनही थोडं मंदावतं. चालायला गेलं की माझे पाय जड व्हायचे. मी समजत होते की वय झालं!

क्लोरथॅलिडोन आणि त्याचा भाऊ हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे आपण ज्याला लघवीची गोळी म्हणतो, त्यांची तऱ्हा वेगळी. मीठ आणि पाणी बाहेर काढताना त्या पोटॅशियमही घालवतात. रक्तातलं पोटॅशियम उतरलं की स्वादुपिंडातून इन्शुलिन नीट सुटत नाही. पूर्वी या गोळ्या २५, ५०, कधी १०० मिलिग्रॅमच्या दिल्या जायच्या, तेव्हा साखर चांगलीच वाढायची. आता बहुतेक वेळा १२.५ पासून सुरुवात करतात, त्यात त्रास बराच कमी. माझी १२.५ चीच होती, पण तरीही त्या दिवशी माझं पोटॅशियम ३.३ निघालं. साडेतीनच्या वर हवं.

दुसऱ्या बाजूला टेल्मिसार्टन, लोसार्टनसारखी ‘सार्टन’ शेपटीची औषधं आणि रॅमिप्रिल, एनालॅप्रिलसारखी ‘प्रिल’ शेपटीची. ही साखर वाढवत नाहीत. पेशींचा कान झाला तर किंचित बराच करतात. शिवाय साखरेनं मूत्रपिंडाला जी इजा होते आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, तिला ही औषधं आवर घालतात. प्रिलवाल्यांनी कुणाकुणाला कोरडा खोकला लागतो, तेवढं एक. ॲम्लोडिपिन साखरेच्या भानगडीत पडतच नाही. घोट्याशी पाय सुजवतं मात्र कधी कधी.

आता या सगळ्याला आकडे आहेत का, तर आहेत. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १९ चाचण्यांमधल्या जवळपास दीड लाख लोकांची माहिती एकत्र करून मांडली. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांत नव्यानं मधुमेह होण्याचा धोका ४८ टक्क्यांनी जास्त, लघवीच्या गोळ्यांनी २० टक्क्यांनी जास्त, आणि प्रिल किंवा सार्टन घेणाऱ्यांत १६ टक्क्यांनी कमी. ॲम्लोडिपिनच्या घराण्यात काही फरक नाही. (४८ टक्के म्हणजे शंभरातल्या अठ्ठेचाळीस जणींना मधुमेह होतो असा अर्थ नव्हे हं! शंभरात दहा जणींना होणार असेल तर पंधरा जणींना, असं समजा.) त्याच अभ्यासात हेही निघालं की वरचं बीपी नुसतं ५ अंकांनी उतरवलं, तरी मधुमेहाचा धोका ११ टक्क्यांनी घटतो. म्हणजे बीपी वाढू देणं हे साखरेसाठीही वाईटच.

हे ऐकून मी डॉक्टरांना म्हटलं, “मग मला ती पांढरी गोळी दिलीच का?” माझ्या आवाजात जरा धार होती.

ते म्हणाले, “ती दिली तेव्हा तुम्हाला साखर नव्हती. गोळी स्वस्त होती आणि तिनं आठ वर्षं तुमच्या मेंदूची नि हृदयाची राखण केली. चूक झाली असेल तर ती नंतरची. साखर निघाल्यावर कुणीतरी तिच्याकडे पुन्हा बघायला हवं होतं.” आणि मग त्यांनी ब्रिटनमधल्या एका अभ्यासाची गोष्ट सांगितली. ती ऐकून माझी धार बोथट झाली.

यूकेपीडीएस नावाचा तो अभ्यास. १९९८ मध्ये त्याचा निकाल आला. मधुमेह आणि बीपी दोन्ही असलेले ११४८ लोक. काहींचं बीपी कसून उतरवलं, सरासरी १४४/८२ पर्यंत. बाकीच्यांचं जरा सैल ठेवलं, १५४/८७. फरक किती, तर दहा अंकांचा. पण कसून उतरवलेल्यांत लकवा ४४ टक्क्यांनी कमी आणि मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी. आता खरी गंमत पुढेच आहे. या कसून उतरवलेल्यांपैकी काहींना ॲटेनोलॉल दिलं होतं, माझंच औषध, आणि काहींना कॅप्टोप्रिल, प्रिल घराण्यातलं. ॲटेनोलॉलवाल्यांचं वजन सरासरी ३.४ किलोनं वाढलं, कॅप्टोप्रिलवाल्यांचं १.६ नं. पहिली चार वर्षं साखरेची सरासरीही ॲटेनोलॉलवाल्यांची जास्त, ७.५ विरुद्ध ७.०. म्हणजे माझं गाऱ्हाणं अगदी खरं! पण हृदयविकार, लकवा, डोळे, मूत्रपिंड यांचं रक्षण दोन्ही गटांत सारखंच झालं.

“कळलं का बाई?” डॉक्टर म्हणाले. “साखर अर्ध्या अंकानं वाढवणारी गोळीसुद्धा तुम्हाला वाचवत होती. आणि तुम्ही ती फोडणीच्या डब्यामागे टाकलीत.”

एकदम बंद केल्यानं काय होतं तेही त्यांनी सांगितलं. बीटा ब्लॉकर वर्षानुवर्षं हृदयाला लगाम घालून ठेवतं. लगाम एकदम सुटला की घोडा आधीपेक्षाही उधळतो. दोन ते सहा दिवसांत ठोके वाढतात, बीपी उसळतं. ज्यांच्या हृदयाच्या नळ्यांत आधीच अडथळा आहे त्यांना अशा वेळी झटका येऊ शकतो. माझ्या नळ्या बऱ्या होत्या, एवढंच माझं नशीब. ही गोळी बंद करायचीच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, डोस हळूहळू उतरवत.

तशीच मग केली. आधी रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनीन, लघवीतली प्रथिनं तपासली. टेल्मिसार्टन ४० सुरू झालं, जुनी गोळी पंधरवड्यात अर्धी करत बंद झाली, पुढे ॲम्लोडिपिन ५ जोडलं. पुन्हा दोन आठवड्यांनी रक्त तपासलं, कारण सार्टन-प्रिल औषधांनी उलट पोटॅशियम वाढू शकतं. इथे एक घरगुती धोका आहे आणि तो मला माहीतच नव्हता. दुकानात ‘लो सोडियम’ म्हणून मीठ मिळतं ना, बीपीला चांगलं म्हणून आपण कौतुकानं आणतो, त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचं दुखणं असेल किंवा या गोळ्या चालू असतील तर ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गुडघा दुखला की मेडिकलमधून आणतो त्या वेदनाशामक गोळ्यांचंही तेच. त्या बीपी चढवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. माझ्या पर्समध्ये त्या कायम असायच्या. खडू-फळ्यापुढे उभं राहून गुडघे जातातच.

घरी आल्यावर मी सगळ्यांसमोर काय केलं ते कबूल केलं. हे काही बोलले नाहीत. संध्याकाळी दोन्ही फायली घेऊन बसले आणि निळीतले कागद काढून गुलाबीत लावायला लागले. तारखेप्रमाणे. बँकेत नोकरी केलेला माणूस, त्याची माफी मागायची पद्धत हीच.

त्यानंतर जरा वेडच लागलं मला. जिथे जाईन तिथे लोकांच्या गोळ्या विचारायची. वन्संना साखर आणि बीपी दोन्ही, साखरेसाठी ग्लिमेपिराइड, बीपीला मेटोप्रोलॉल. दुसऱ्या वर्षी हरतालिकेला त्या आमच्याकडे होत्या. उपास निर्जळी. सकाळी साखरेची गोळी मात्र सवयीनं घेतलेली! दुपारी पूजेच्या तयारीत दिसल्या तर बोलणं असंबद्ध, कपाळावर घाम, ब्लाउज पाठीला चिकटलेला. “वन्सं, छातीत धडधडतंय का? हात कापतायत का?” “नाही गं, काही नाही. उकडतंय नुसतं.” मला दवाखान्यातलं वाक्य आठवलं. साखर उतरली की धडधड, थरथर होते, तीच आपली सूचना. बीटा ब्लॉकर ती सूचनाच दाबू शकतं. घाम तेवढा येत राहतो. घरच्या मशिनवर बोट टोचलं तर ४८! मी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून ग्लास पुढे केला. तर त्या म्हणतात, “अगं, उपास मोडेल.” मी म्हटलं, “मोडू दे. महादेव माझ्या नावावर लिहील.” पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, ८२. मग दूध-केळं दिलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांनी साखरेची गोळी बदलली आणि उपासाच्या दिवशी काय करायचं ते लिहून दिलं.

मेटोप्रोलॉल मात्र त्यांनी चालूच ठेवलं. वन्संना आधी एक झटका येऊन गेलेला आहे. तिथे त्या गोळीचं काम साखरेच्या अर्ध्या अंकापेक्षा कितीतरी मोठं. माझी गोळी बदलली म्हणून सगळ्यांची बदलायची असं नसतं, हे मला तेव्हा नीट उमगलं. ब्रिटनमध्ये २००६ च्या मार्गदर्शक सूचनांनी साध्या बीपीसाठी बीटा ब्लॉकर पहिल्या पसंतीतून काढून टाकले. पण हृदयविकार असलेल्यांसाठी त्यांची जागा राहिलीच. त्यातही कार्व्हेडिलॉल, नेबिव्होलॉल अशी नवी मंडळी साखरेच्या वाटेला फारशी जात नाहीत. लेकीनं मला २००४ ची एक अमेरिकी चाचणी दाखवली. मधुमेही लोकांत पाच महिन्यांत मेटोप्रोलॉलनं साखरेची सरासरी ०.१५ नं वाढली, कार्व्हेडिलॉलनं नाही. ०.१५! मी मनात म्हटलं, एवढ्यासाठी मी जीव धोक्यात घातला होता.

उलट बाजूचीही एक गोष्ट. माझी भाची एकतीस वर्षांची, तिला बीपी निघालं आणि टेल्मिसार्टन सुरू झालं. माझ्या अनुभवानं मी खूश, चांगली गोळी मिळाली म्हणून. लेकीनं फोनवरच विचारलं, “आई, तिचं बाळाचं चाललंय ना?” चाललं होतं. सार्टन आणि प्रिल औषधं गरोदरपणात बाळाच्या मूत्रपिंडाला घातक, अजिबात चालत नाहीत. तिनं डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी लगेच दुसरं औषध दिलं. तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि सगळे तिला पाळणा कधी हलणार म्हणून विचारत होते. गोळी कुठली चालू आहे ते मात्र कुणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडे हे दोन आजार जोडीनं फिरतात. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही १० कोटींच्या वर आणि बीपीवाले ३१ कोटींच्या आसपास असल्याचा अंदाज आला. आमच्या सातारा जिल्ह्यात, तसंच सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्ध्यात २०१७ अखेर सुरू झालेल्या सरकारी रक्तदाब नियंत्रण कार्यक्रमाचं काम पहिल्या टप्प्यात झालं. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन ही औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पैशासाठी गोळी सोडणाऱ्या बायका मला शाळेच्या पालकसभेत भेटतात, त्यांना मी तिकडे पाठवते.

तुम्ही विचाराल, माझ्या साखरेचं पुढे काय झालं? चार महिन्यांनी सरासरी आली ७.७. मी नाचायचीच बाकी होते. पण डॉक्टर म्हणाले, “सगळं श्रेय गोळीला देऊ नका.” खरंच होतं. पाय जड होणं थांबल्यावर मी रोज पाऊण तास चालायला लागले होते, वजन अडीच किलो उतरलं होतं. यातलं गोळी बदलल्यामुळे किती आणि चालण्यामुळे किती, ते वेगळं काढता येत नाही. दही विरजल्यावर त्यातलं दूध किती नि विरजण किती, असं विचारल्यासारखं ते. बीपी १२८/७८ आहे. रिपोर्ट बघून हे म्हणाले, “शाळेत वाढदिवस कमी झालेत का?” या वेळी मी लाटणं उगारलं.

परवा रात्री सासूबाईंनी हाक मारली. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. उशाखालून प्लास्टिकची डबी काढली आणि म्हणाल्या, “माझ्याही गोळ्यांची नावं लिहून ठेव गं त्या फायलीत.” डबी उघडली. सात पट्ट्यांचे तुकडे होते. मेडिकलवाला पाच-पाच गोळ्या कापून देतो, त्यात तीन तुकड्यांवर नावाची बाजूच कापली गेली होती. दोन नावं जोडून जोडून लागली. तिसरी गोळी छोटी, पांढरी. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “ती फार जुनी आहे, सकाळची.” मी तो तुकडा रुमालात बांधून ठेवलाय. उद्या शाळा सुटली की आधी मेडिकलमध्ये जाणार आहे.